आठ आण्यांची कुत्री आणि जमशेटजींचा धर्मादाय

रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर एक कुत्रा बसलेला आहे. १९३६ च्या सुमारास इंदूरच्या होळकरांच्या देणगीचा आधार घेऊन उभ्या राहिलेल्या या वाघ्याच्या स्मारकाला समकालीन कागदपत्रांचा पुरावा नाही, म्हणून त्यावर वर्षानुवर्षे वाद होत आला. २०१२ मध्ये पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये तोच वाद नव्याने पेटला. हे सारे दगडाच्या कुत्र्याविषयी. गडाच्या पायथ्याच्या मुलखात, महाडच्या एसटी स्थानकात, पोलादपूरला महामार्गालगतच्या खाणावळींच्या दारात जी जिवंत कुत्री उष्ट्यावर दिवस काढतात, त्यांच्या बाजूने सहसा कोणी उभे राहत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, त्यांना पुन्हा तिथे सोडू नये, असा आदेश दिला. तेव्हा हा प्रश्न केवळ दिल्ली-मुंबईचा राहिला नाही. एसटी स्थानक तर प्रत्येक तालुक्याला आहे. ही कुत्री न्यायची कोठे, त्यांना पोसायचे कोणी आणि निवारे भरून वाहू लागले की पुढे काय, हे प्रश्न आता लहान गावांच्याही दारात येऊन बसले आहेत.

मुंबई शहराने हेच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुभवले होते. त्या वेळी त्यांवर जे उत्तर निघाले, त्यामागे असलेल्या माणसाचे नाव महाड-पोलादपूरच्या घराघरांत दोन अक्षरांत माहीत आहे. गावात इलाज चालेनासा झाला की रुग्णाला मुंबईला ‘जेजे’त न्यायचे, हे कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी ऐकले आणि केले. त्या जेजेंमागचे सर जमशेटजी जीजीभाई मात्र रुग्णालयाच्या पाटीपुरतेच उरले. माणसांच्या रुग्णालयाच्या कितीतरी आधी त्यांनी मुक्या जनावरांसाठी एक संस्था उभी केली होती, हे तर आज फारच थोड्यांना ठाऊक असते.

बाटल्यांच्या दुकानातून चीनपर्यंत

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. वडील मेरवानजी आणि आई जीवीबाई. घराण्याचे मूळ गुजरातेतील नवसारीचे आणि घरची परिस्थिती बेताची. औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतेच. १७९९ मध्ये आई-वडील दोघांचेही छत्र हरपले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयाला आला. मामांचा व्यवसाय रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. त्या दुकानात जमशेटजी हिशेब लिहायला शिकले आणि व्यवहारापुरते इंग्रजीही. पुढे मोठी गलबते आणि मोठ्या पेढ्या हाती आल्या, तरी हिशेबाच्या वहीवरचा त्यांचा भरवसा कधी सुटला नाही. त्यांच्या दानधर्माचे मर्मही याच सवयीत आहे.

एका नातेवाइकाच्या चाकरीत, हिशेब सांभाळण्यासाठी, ते पहिल्यांदा चीनला गेले. त्यानंतर आणखी चार सफरी झाल्या. १८०३ मध्ये मामांची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८०५ च्या सफरीत ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते, ते फ्रेंचांनी पकडले. युद्धकैद्यांसारखे त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत नेण्यात आले. मालमत्ता गेली, हाल झाले आणि बऱ्याच महिन्यांनी कलकत्त्याच्या वाटेने ते मुंबईत परतले. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. ती ओळख पुढे व्यापारी भागीदारीत बदलली आणि जमशेटजींचे सारे आयुष्य पालटून गेली.

युरोपातील युद्धांच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. जमशेटजींनी ती संधी साधली. त्यांचे निकटचे सहकारी होते जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, आणि कोकणी मुसलमान नाखुदा महंमद अली रोगे. पारशी, जैन आणि मुसलमान अशा तिघांनी एकत्र येऊन मोठा व्यापार केला आणि वयाच्या चाळिशीतच जमशेटजी मुंबईतील सर्वांत श्रीमंत माणसांमध्ये गणले जाऊ लागले. १८२२ मध्ये त्यांनी मुंबईच्या तुरुंगात किरकोळ कर्जापायी अडकलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना सोडवले. स्वतः पकडले जाण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाचे मोठ्या दानांपैकी हे आरंभीचे एक दान बंदिवानांच्या मुक्तीसाठी असावे, ही गोष्ट लक्षात राहते.

जून १८३२ : मुंबई पेटली

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी कोकणाला रस्त्याने जोडलेली नव्हती. महाडचा माल सावित्री नदीतून, बाणकोटच्या खाडीतून गलबतांनी मुंबईला जाई. महाबळेश्वरची हवा खायला निघालेले इंग्रज अधिकारीही याच जलमार्गाने दासगाव-महाडपर्यंत येत आणि पुढे पोलादपूरच्या बाजूने पार घाट चढत. बेटावरचे शहर वेगाने भरत होते. वस्तीबरोबर कचरा वाढला आणि कचऱ्याबरोबर कुत्री वाढली.

कुत्री मारण्याचे सरकारी धोरण जुनेच होते. १८१३ च्या नियमानुसार वर्षातून ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारली जात. १८३२ मध्ये उन्हाळ्यातली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे त्या काळी लहान रक्कम नव्हती. साहजिकच मोकाट कुत्रे आणि पाळीव कुत्रे यांतला फरक पुसला गेला. मारेकरी आवारांत आणि घरांत शिरू लागले, अशा तक्रारी आल्या.

त्यामागची भीती खोटी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावला तर तेव्हा कोणताच उपाय नव्हता. पाश्चरची लस यायला अजून अर्धे शतक अवकाश होता. पण ज्या पद्धतीने हे काम चालले होते, ती शहरातल्या बहुतेक समाजांच्या श्रद्धेवर घाव घालणारी होती. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष पावित्र्य आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर देहावर पडावी लागते. जैनांची जीवदया सर्वश्रुत आहे. हिंदूंच्या घरात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबा आणि भैरवाबरोबर कुत्रा असतो आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाला सोबत करणारा कुत्रा लहान मुलांनाही ठाऊक असतो.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कोटाच्या परिसरात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशी, हिंदू, जैन व्यापाऱ्यांनी दुकाने उघडली नाहीत. लष्कराच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. दंगलीचा कायदा वाचून दाखवून सैन्य बोलावण्यात आले आणि धरपकड झाली. इतिहासात ही घटना मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणून नोंदली गेली. कंपनी सरकारच्या अमलाखालील मुंबईत वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एका कारणासाठी एकाच दिवशी बाजार बंद ठेवण्याचा हा फार लवकरचा प्रसंग होता, आणि ते कारण कुत्री हे होते.

रस्त्यावर उतरलेल्या तरुणांत जमशेटजी नव्हते. ते शहरातल्या प्रतिष्ठितांपैकी होते, सरकारशी त्यांचे संबंध चांगले होते आणि दंगल त्यांच्या स्वभावात बसणारी नव्हती. त्यांनी व अन्य शेठियांनी मध्यस्थीची वाट धरली. लोकांचा राग शांत करायचा आणि सरकारला पर्याय द्यायचा, अशी ती दुहेरी खटपट होती. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, अशी मागणी अर्जाद्वारे पुढे आली आणि सरकारही मवाळ झाले. पण इथेच खरी अडचण सुरू झाली. मारू नका असे सांगणे सोपे होते. न मारलेली कुत्री ठेवायची कोठे, हे सांगणे कठीण होते.

पांजरापोळ : दया आणि खर्चवही

उत्तर १८३४ मध्ये मिळाले. जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळाची स्थापना झाली. भुलेश्वरजवळ, आज सी. पी. टँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, भटकी कुत्री, म्हातारी गुरे, लंगडे घोडे आणि जखमी पाखरे यांना आश्रय देणारे आवार उभे राहिले. पांजरापोळ ही कल्पना गुजरातेत जुनीच होती. सुरत, भडोच, अहमदाबाद येथे अशा संस्था होत्या. मुंबईत ती आली ती मात्र एका नागरी संकटावरचा तोडगा म्हणून.

शेठियांनी जमीन दिली आणि रक्कमही घातली. परंतु संस्था टिकली ती त्या रकमेमुळे नव्हे. हिशेबनीस म्हणून वाढलेल्या जमशेटजींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जनावर रोज खाते आणि दान मात्र एकदाच येते. म्हणून बाजारातून जाणाऱ्या मालावर, कापसापासून अफूपर्यंत, व्यापाऱ्यांनी आपखुशीने एक लहानशी धर्मादाय पट्टी बसवून घेतली. प्रत्येक सौद्यामागे थोडीशी रक्कम पांजरापोळाच्या खाती जाऊ लागली. कोणा एकावर भार पडत नव्हता आणि कोणी एक मेला किंवा बुडाला तरी जनावरे उपाशी राहत नव्हती. मोतीशा शेठ १८३६ मध्येच वारले, तरी पांजरापोळ चालत राहिले. ज्याचे नाव कोणत्याही शिलालेखावर येणार नव्हते अशा लहान व्यापाऱ्याने प्रत्येक खेपेस सोडलेली किरकोळ रक्कम हा त्या संस्थेचा खरा पाया होता.

जनावरांविषयीचा हा कळवळा एवढ्यावर थांबला नाही. किल्ल्यालगतच्या मैदानात गुरे चारण्यावर सरकारने शुल्क बसवले, तेव्हा गरिबांची गुरे अडचणीत आली. १८३८ मध्ये जमशेटजींनी ठाकूरद्वारजवळ वीस हजार रुपये खर्चून कुरण घेतले आणि ते चराईला मोकळे केले. त्या चरणीवरूनच चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगितले जाते.

गर्दीचा शाप

पांजरापोळाची कहाणी इथे संपली असती तर ती केवळ गौरवगाथा झाली असती. प्रत्यक्षात या संस्थेने एक कटू धडाही दिला. निवारा आहे म्हटल्यावर शहराने आपली नकोशी जनावरे तिथे आणून सोडायला सुरुवात केली. मुंबईत आलेले युरोपीय प्रवासी पांजरापोळ मुद्दाम पाहायला जात आणि खरूज झालेल्या, अंगावर जखमा असलेल्या कुत्र्यांची दाटी पाहून हळहळत परतत. त्यांच्या टीकेत अहंकार होता, तशीच सत्याची बाजूही होती. मारायचे नाही हे व्रत पाळले जात होते, पण जगवायचे कसे याचे शास्त्र अजून आलेले नव्हते. पशुवैद्य नव्हते, लस नव्हती, निर्बीजीकरण नव्हते. येणाऱ्या जनावरांना दार होते, जाणाऱ्यांना नव्हते.

पुढे संस्थेने शहराबाहेर शाखा काढल्या. चेंबूरचा पांजरापोळ चौक आजही त्याची आठवण देतो. काळाच्या ओघात पांजरापोळ मुख्यतः गायींचे झाले आणि कुत्र्यांचा प्रश्न दुसऱ्यांकडे गेला. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था निघाली आणि परळला दिनशा पेटिट यांच्या दानातून बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. महाड-पोलादपूरहून गिरणीत कामाला आलेल्या चाकरमान्यांच्या कितीतरी पिढ्या याच परळ-लालबागच्या चाळींत वाढल्या. शहरात कुत्री मारण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकातही सुरूच राहिली. मुंबई महापालिकेने ती १९९४ मध्ये सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. त्याला २००१ च्या केंद्रीय नियमांनी देशभर आधार मिळाला आणि त्यांची जागा पुढे २०२३ च्या नियमांनी घेतली.

दात्याच्या आयुष्याची दुसरी बाजू

जमशेटजींच्या पुढच्या आयुष्यात दानाची गती वाढतच गेली. रुग्णालयासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारने तितकीच रक्कम घालावी अशी व्यवस्था झाली. १८४५ मध्ये जेजे रुग्णालय आणि त्याच्या शेजारचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी अवाबाईंच्या एक लाख सत्तावन्न हजार रुपयांच्या देणगीतून माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला आणि त्यावर पथकर घेऊ नये, अशी अट होती. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा झाला, पारशी मुलांसाठी शाळा निघाल्या, १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८४२ मध्ये सर हा किताब आणि १८५७ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. एप्रिल १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या वैभवाचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आलेला होता, हे लपवण्याचे कारण नाही. जार्डिन यांच्या पेढीमार्फत माळव्याची अफू चीनला जाई. तिने तिकडची लाखो माणसे व्यसनात बुडाली आणि त्यातूनच १८३९ मध्ये युद्धाला तोंड फुटले. भुलेश्वरच्या कुत्र्यांना जो तुकडा मिळत होता, त्यात अफूवरच्या पट्टीचाही वाटा होता. कंपनी सरकारच्या मुलखात त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता आणि प्रतिष्ठितही होता. तरीही आजच्या वाचकाने जमशेटजींकडे केवळ संत म्हणून पाहू नये. त्यांच्या दानाचे मोल मान्य करताना त्या पैशाची किंमत कोणी मोजली, हेही आठवावे.

दयेला अशी दुसरी बाजू असते, हे महाडला वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता. माणसाला दूर ठेवून जनावराला जवळ करणारी करुणा ही करुणा नव्हे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. कुत्रा चावतो तो बहुधा पायी चालणाऱ्याला, उघड्यावर खेळणाऱ्या मुलाला, पहाटे कामाला निघालेल्या बाईला. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा कुत्र्यांना मदत आणि माणसांची सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली की रोगाची साखळी तुटते. कुत्र्याला टोचलेली लस ही शेजारच्या मुलालाच दिलेली ढाल असते.

आजचा धर्मादाय

जमशेटजींच्या काळात नसलेली साधने आज हाताशी आहेत. लस आहे, शस्त्रक्रिया आहे, कायदा आहे. नाही ती जागा आणि रोजचा खर्च चालवणारी व्यवस्था. निवारे सरकार किंवा एखादी संस्था बांधू शकेल, पण ते कोंडवाडे होऊ द्यायचे की आश्रयस्थाने, हे सामान्य माणसांच्या हाती आहे. पांजरापोळाच्या इतिहासातून त्याची वाट स्पष्ट दिसते.

पहिली गोष्ट नियमितपणाची. वाढदिवसाला एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा महिन्याला न चुकता दिलेले शंभर रुपये निवाऱ्याला अधिक उपयोगी पडतात, कारण त्यावर तांदूळ, औषधे आणि सफाई कामगाराचा पगार आखता येतो. महाडची बाजारपेठ सावित्रीच्या बंदरामुळे मोठी झाली. तिथल्या दुकानांनी किंवा पोलादपूरच्या महामार्गावरील खाणावळींनी रोजच्या गल्ल्यातून एक रुपया बाजूला काढला, तर ती जुन्या धर्मादाय पट्टीचीच नवी आवृत्ती ठरेल. त्याचबरोबर हिशेब मागण्याचा हक्कही वापरला पाहिजे. जमशेटजींच्या पिढीने दया आणि खर्चवही यांना एकमेकींपासून दूर ठेवले नाही.

दुसरी गोष्ट जाण्याच्या दाराची. निवाऱ्यातून एक कुत्रा घरी गेला की दोघांचे भले होते, जाणाऱ्याचे आणि त्याच्या जागी येणाऱ्या जखमी कुत्र्याचे. त्यासाठी महागडी जात लागत नाही. गावठी कुत्रा कोकणाच्या पावसाला आणि उकाड्याला सरावलेला असतो आणि घर राखण्यात तो कोणालाही हार जात नाही. कायमचा सांभाळ जमत नसेल त्यांनी एखादे पिल्लू लस पूर्ण होईपर्यंत काही आठवडे ठेवले, तरी निवाऱ्याचा एक कोपरा मोकळा होतो. रविवारी दोन तास निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांना फिरवणे, आंघोळ घालणे, माणसाच्या स्पर्शाची सवय लावणे हेही मोठे काम आहे. घाबरलेले कुत्रे कोणी घरी नेत नाही, शेपटी हलवणाऱ्याला मालक मिळतो.

तिसरी गोष्ट, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची, येण्याचे दार अरुंद करण्याची. आपल्या घरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करणे, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिणे, कंटाळा आला म्हणून त्याला घाटात सोडून न येणे. कशेडीच्या वळणावर किंवा आंबेनळीच्या रस्त्यात गाडीतून उतरवून दिलेले कुत्रे फार दिवस जगत नाही. जगलेच, तर निवाऱ्यात पोहोचते आणि आधीच्या शंभरांत भर घालते. जे कुत्रे आपल्या गल्लीत नांदते आहे, निरोगी आहे, कोणाच्या अंगावर जात नाही, त्याला लस टोचून आणि शस्त्रक्रिया करून तिथेच राहू देणे हे कायद्याला धरून असेल तिथे सर्वांत शहाणपणाचे. ठरावीक जागी, ठरावीक वेळी खाऊ घालावे आणि जागा स्वच्छ करावी. उष्टे रस्त्यावर फेकणे ही दया नाही, तो कचरा आहे, आणि १८३२ च्या मुंबईत कुत्री वाढली ती कचऱ्यावरच.

बाकी मदत फार साधी असते. जुन्या चादरी, गोणपाट, फुटलेली घमेली, वाचून झालेली वर्तमानपत्रे हे सारे निवाऱ्यात लागते. पावसाळ्यात तर अधिकच लागते. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही डोंगर खचले. माणसांच्या दुःखापुढे जनावरांचा हिशेब तेव्हा कोण ठेवणार होते? पण मालक गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्यांना आणि गुरांना तात्पुरता निवारा कोठे द्यायचा, हे आपत्ती येण्याआधीच ठरवून ठेवणे ग्रामपंचायतीला आणि तरुण मंडळांना अशक्य नाही.

जमशेटजींचे पुतळे मुंबईत आहेत, त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे, कलाशाळा आहे. पांजरापोळाच्या पट्टीत आपला वाटा घालणाऱ्या हजारो लहान व्यापाऱ्यांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत. त्यांनी कुत्र्याचे स्मारक बांधले नाही. त्यांनी त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या भाकरीची सोय केली. रायगडावरच्या वाघ्याचा इतिहास काय तो इतिहासकार ठरवतील. एसटी स्थानकातल्या वाघ्याला उद्या खायला मिळेल का आणि त्याला लस टोचली जाईल का, हे मात्र महाड-पोलादपूरच्या माणसांनाच ठरवावे लागेल.